दुसरा प्रश्न : हॅना केंट यांच्या ‘बरियल राइट्स’विषयी

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त या पृष्ठांच्या वाचकांस नवीन नाही. राजा प्रजेचे रक्षण व्यवस्थित करतो, परंतु निर्धनांस धन देत नाही. दारिद्र्य वाढते आणि एक मनुष्य न दिलेली वस्तू चोरीने घेतो. त्याला पकडून राजापुढे उभे केले जाते. त्या वेळी राजा त्याला दोन प्रश्न विचारतो. तू हे केलेस हे खरे काय, हा पहिला. कोणत्या कारणाने केलेस, हा दुसरा. चोर पहिल्याला होकार देतो आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणून आपल्याला जगता येत नाही एवढेच सांगतो.

या दुसऱ्या प्रश्नाकडे आमचे लक्ष नव्याने वेधले ते एका इंग्रजी कादंबरीने. हॅना केंट या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘बरियल राइट्स’ ही पहिली कादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिचा विषय आइसलंडमधील एक सत्य घटना आहे. १८२८ च्या मार्च महिन्यात त्या देशाच्या उत्तर भागात, समुद्रकाठच्या इल्लुगास्तादिर या शेतवाडीवर नातान केटिल्सन आणि पेतुर योन्सन या दोघांचा खून झाला व घराला आग लावण्यात आली. आग्नेस माग्नुसडोत्तिर ही मोलकरीण, सिग्रिदुर ही सोळा-सतरा वर्षांची दुसरी मोलकरीण आणि शेजारच्या वाडीवरचा, विशीही न गाठलेला फ्रिद्रिक सिगुर्दसन या तिघांना मृत्युदंड सुनावण्यात आला. सिग्रिदुरचा दंड पुढे आजन्म कारावासात बदलला गेला. इतर दोघांचा १२ जानेवारी १८३० रोजी कुऱ्हाडीने शिरच्छेद झाला. आइसलंडमध्ये त्यानंतर कोणासही देहान्त शिक्षा देण्यात आलेली नाही.

गुन्हेविषयक ऐतिहासिक कादंबऱ्यांचे पीक अलीकडे उदंड आहे, आणि त्यांतील बहुतेकांत दारिद्र्य हे केवळ नेपथ्य असते : धूर, चिखल, फाटकी वस्त्रे, आणि पुढे हुशार शोधकाचा प्रवेश. या कादंबरीत शोधक नाही. खून कोणी केला हेही पहिल्या पानांपासून ठाऊक आहे. शिक्षा सुनावल्यानंतर आणि ती अमलात येण्यापूर्वी आग्नेसला कोर्न्सा येथे एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवले जाते. ते काही महिने हाच कथेचा काळ होय. जिल्ह्यात तुरुंग नाही, म्हणून ब्लॉन्दाल हा जिल्हाधिकारी कैद्यांना शेतकऱ्यांच्या घरी ठेवतो. खुनी म्हणून ज्या स्त्रीची भीती वाटते, तिच्याशेजारी एकाच खोलीत योन, त्याची पत्नी मार्ग्रेत आणि दोन मुली यांना निजावे लागते.

आग्नेस कोण होती हे समजण्यासाठी त्या देशाची तत्कालीन व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते, आणि लेखिकेने ती कोठेही व्याख्यान न देता कथेत मुरवली आहे. आइसलंड त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आतबाहेर. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे असा दंडक होता की, ज्याच्याजवळ स्वतःची जमीन वा ठरावीक मालमत्ता नाही, त्याने कोणत्या तरी शेतवाडीवर वर्षभराच्या बोलीने चाकरी पत्करलीच पाहिजे. वसंत ऋतूत ठरलेल्या दिवसांत धनी बदलता येई, एरवी नाही. चाकरीविना हिंडणे हाच अपराध. ही बंधने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८९४ च्या कायद्याने, सैल झाली. चाकरीलाही जे निरुपयोगी, म्हणजे अनाथ मुले, आजारी, वृद्ध, त्यांचा भार पंचक्रोशीवर पडे. पंचक्रोशी त्यांना या ना त्या वाडीवर पाठवी आणि ठेवून घेणाऱ्याला त्याबद्दल मोबदला देई. अशा मनुष्यासाठी त्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, निदुरसेत्निंगुर. त्याचा शब्दशः अर्थ ‘ठेवून दिलेला’ असा होतो. माणसाला वस्तूप्रमाणे ठेवून द्यायचे आणि नंतर त्याने माणसाप्रमाणे वागावे अशी अपेक्षा करायची.

आग्नेस ही अशीच ठेवून दिलेली मुलगी. आई तिला सहाव्या वर्षी सोडून जाते. सांभाळणारी दुसरी स्त्री बाळंतपणात मरण पावते आणि घर पुन्हा सुटते. विशेष हे की, ज्या कोर्न्सात ती आता मृत्यूची वाट पाहत आहे, तेथेच हे बालपण गेले, असे कादंबरीत दाखवले आहे. एकदा पंचक्रोशीच्या खर्चाने आणि एकदा सरकारी हुकुमाने ती त्याच मातीच्या भिंतींच्या घरात पोहोचते. दोन्ही वेळा तिला कोणी विचारलेले नाही.

अशा जीवनात नातान येतो. तो औषधोपचार जाणणारा, पैसा राखून असलेला, स्वतःच्या वाडीचा धनी आहे. आग्नेस त्याच्या प्रेमात पडते, हे खरेच. परंतु तिला त्याच्या घरची कारभारीण व्हायचे आहे, हेही तितकेच खरे. किल्ल्या ज्या स्त्रीच्या कमरेला असतात तिला वसंतात बोचके बांधावे लागत नाही. काही समीक्षक या कादंबरीकडे प्रेमभंगाची कहाणी म्हणून पाहतात. ते वाचन आम्हांस उथळ वाटते. इल्लुगास्तादिरला पोहोचल्यावर कारभारणीची जागा कोवळ्या सिग्रिदुरला दिलेली आहे आणि धन्याच्या अंथरुणातली जागाही तिचीच, हे आग्नेसला कळते. त्या क्षणी ती प्रियकर गमावते, तसाच आयुष्यात प्रथमच मिळू पाहणारा आसराही गमावते. पुढे नातान तिला थंडीत घराबाहेर काढतो, तो प्रसंग लेखिकेने फार संयमाने लिहिला आहे. जायला दुसरी वाडी नाही, चाकरीचे वर्ष संपलेले नाही, बाहेर बर्फ आहे. निवड येथे संपत नाही. मात्र ती इतकी अरुंद होते की, एका वेळी एकच पाऊल मावते.

या ठिकाणी मराठी वाचकास ‘फकिरा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली ती कादंबरीही इतिहासातून उचललेली आहे. दुष्काळात माणसे मरू लागली असता धान्य लुटावे की शीलवान म्हणून मरावे, हाच तिच्यातला पेच आहे. परंतु फकिराच्या मागे भुकेलेला समाज उभा आहे. लुटलेले धान्य वाटले जाते, आणि त्या वाटण्यात त्या कृत्याला एक अर्थ मिळतो. आग्नेसच्या मागे कोणीही नाही. तिची भूक एकटीची, तिचे कृत्य एकटीचे, म्हणून ते कोणाच्या पोवाड्यात जाणार नाही. आपल्या परंपरेत दारिद्र्याच्या अपराधाचा विचार झाला तो बहुधा समूहाच्या अंगाने; एकाकी दरिद्री स्त्रीच्या अपराधाचे काय करावे, याची भाषा आमच्याजवळही पुरेशी नाही.

आता प्रश्नांकडे वळू. ब्लॉन्दाल हा दुष्ट मनुष्य नाही, हे लेखिकेचे मोठे यश आहे. तो व्यवस्थित, कर्तव्यदक्ष, सुवाच्य पत्रे लिहिणारा अधिकारी आहे. प्रकरणांच्या आरंभी अशी पत्रे व नोंदी मुळाबरहुकूम किंवा थोड्या फेरफाराने दिलेल्या आहेत. या सर्व कागदांत पहिला प्रश्न पुनःपुन्हा येतो : केले काय, कोणी, कोणत्या शस्त्राने, किती वाजता. दुसरा प्रश्न एकदाही येत नाही. आग्नेसच्या उपदेशासाठी नेमलेला तोती हा तरुण साहाय्यक धर्मगुरू प्रथम प्रार्थनापुस्तक घेऊन येतो आणि निष्फळ परत जातो. पुढे तो उपदेश थांबवून ऐकू लागतो, तेव्हाच ती बोलते. मार्ग्रेत तर काही विचारतही नाही. ती खोकत असते, आग्नेस गवत कापत असते, रक्त ढवळून आतड्यांत भरत असते, विणत असते, आणि सोबतच्या कामातून एक विश्वास उपजतो. खुनाच्या रात्रीची हकीगत शेवटी आग्नेस तिला सांगते. ज्या घरात तिच्या हाती सुरी देण्याची भीती वाटत होती, त्याच घरातले हे ऐकणे आहे.

सिग्रिदुरला मात्र दया मिळाली. ती लहान आहे, अजाण आहे, असे मानले गेले. आग्नेस वयाने मोठी, वाचणारी, कविता जाणणारी. तिच्या बुद्धीचा अर्थ कट असा लावला गेला. म्हणजे दुसरा प्रश्न पूर्णपणे विसरला गेला नव्हता. तो एकीच्या बाबतीत विचारला गेला आणि दुसरीच्या बाबतीत तिचे शहाणपण हेच उत्तर मानले गेले. २०१७ साली आइसलंडमधील कायदेतज्ज्ञांनी हा खटला आजच्या कायद्यानुसार प्रतीकात्मक रीतीने पुन्हा चालवला. मूळ खटल्यात खुनामागच्या कारणांचा शोध घेण्याचा प्रयत्नच दिसत नाही, असे त्या पीठावर बसलेल्या एका विधिज्ञाने नमूद केले होते. कादंबरी त्यापूर्वी चार वर्षे तेच सांगून गेली होती.

येथे आम्हांस आमच्याच वर्तुळातील एका सवयीविषयी लिहावेसे वाटते. चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताचा आधार घेताना आपण बहुधा ‘दारिद्र्यातून चोरी’ येथवर येतो आणि थांबतो. सुत्त थांबत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून राजा चोराला धन देतो, तेव्हा चोरी कमी होत नाही; चोरी केली की राजा धन देतो अशी वार्ता पसरते आणि चोऱ्या वाढतात. मग राजा घाबरून उलट टोकाला जातो : एकाला बांधून, मुंडन करून, ढोल वाजवत गल्लोगल्ली फिरवून, नगराच्या दक्षिण द्वाराबाहेर त्याचे शिर उडवले जाते. ते पाहून प्रजा स्वतः तीक्ष्ण शस्त्रे घडवते आणि ज्यांना लुटते त्यांचीही शिरे उडवू लागते. त्यापुढच्या पिढीत पकडलेल्या चोराला राजा पहिला प्रश्न विचारतो, तेव्हा तो जाणूनबुजून नाही म्हणतो. पहिला मृषावाद असा जन्मतो. दारिद्र्य हे कारण आहे, सबब नव्हे. आणि राजाची दया व राजाचा दंड दोन्ही उशिरा आलेली आहेत, असे ते सुत्त दाखवते. वेळेवर काय करावे याचे उत्तर कूटदन्त सुत्तात आहे : शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, राजसेवकाला वेतन, आणि तेही चोरी होण्यापूर्वी.

ब्लॉन्दालला दक्षिण द्वार हवे होते. कैद्यांना कोपनहेगनला न पाठवता त्यांच्याच प्रदेशात मारावे, आसपासच्या शेतकऱ्यांनी ते पाहावे, म्हणजे जरब बसेल, असा त्याचा विचार होता. आजूबाजूच्या वाड्यांवरील पुरुषांना उपस्थित राहण्याचा हुकूम होता. कुऱ्हाड मुद्दाम करवून घेण्यात आली. ती आजही रेक्याविक येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. घाव घालण्यासाठी निवडला गेला तो मृत नातानचा सख्खा भाऊ गुडमुंडुर. सुत्तात प्रजा राजाकडून शिरच्छेद शिकते. येथे राजा प्रजेतल्याच एकाच्या हाती कुऱ्हाड देतो. अर्थात सुत्ताची पुढची पायरी आइसलंडमध्ये घडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे शस्त्रे वाढली नाहीत. उलट ती शिक्षाच शेवटची ठरली आणि १९२८ साली मृत्युदंड कायद्यातूनही गेला. सुत्तातील साखळी प्रत्येक देशावर जशीच्या तशी बसवण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

इतकी प्रशंसा केल्यावर आमचा मुख्य आक्षेप नोंदवतो. आग्नेसने मार्ग्रेतला सांगितलेल्या हकीगतीप्रमाणे फ्रिद्रिकने हातोडीने दोघांवर घाव घातले. पेतुर मेला, नातान मेला नाही. तो तडफडत असताना, वाचण्याची आशा नसताना, आग्नेसने सुरी चालवली. म्हणजे हा खून करुणेतून झाला. साडेतीनशे पानांत दुसरा प्रश्न धीराने विचारत आलेली लेखिका ऐन क्षणी असे उत्तर देते की, तो प्रश्न निरर्थकच व्हावा. कारण मग दारिद्र्य, थंडीत काढलेली रात्र, गेलेली जागा, यांचा त्या सुरीशी संबंध काय उरला? वाचकाला आग्नेसवर दया करायची आहे, आणि तिच्या हातून दयाच घडली असे दाखवून लेखिका त्याचे काम सोपे करते. मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘एलियस ग्रेस’ (१९९६) या कादंबरीत कॅनडातील १८४३ च्या दुहेरी खुनातली आयरिश मोलकरीण ग्रेस मार्क्स शेवटपर्यंत दोषी की निर्दोष ते कळत नाही. ती पोकळी वाचकाला सोसावी लागते. केंट यांना ती सोसवली नाही.

आणि करुणेने मारणे ही गोष्ट खरोखर इतकी स्वच्छ असते काय? विनयपिटकातील तिसऱ्या पाराजिकाच्या विनीतवत्थूत एक प्रकरण आहे. आजारी भिक्खूचे दुःख पाहून काही भिक्खू करुणेने त्याच्यापुढे मृत्यूची प्रशंसा करतात आणि तो मरतो. निर्णय पाराजिकाचा आहे. करुणेचा उल्लेख असूनही त्यात सूट नाही. यावर समन्तपासादिकेतील स्पष्टीकरण आम्हांस नेहमी चकित करते : त्या भिक्खूंना त्याचे मरण हवे होते, परंतु आपल्याला ते हवे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. अट्ठकथाकार येथे करुणा खोटी ठरवत नाही. ती खरी असूनही तिच्या आड दुसरी इच्छा उभी असू शकते, इतकेच तो दाखवतो. आग्नेसच्या सुरीत तडफडणाऱ्या नातानविषयीची दया होती. त्याच सुरीत तिला बर्फात काढणाऱ्या नातानचे मरणही हवे असेल काय? ही शंका कादंबरीत एकदा जरी डोकावली असती, तरी आग्नेस लहान झाली नसती. उलट ठेवून दिलेल्या वस्तूऐवजी ती पूर्ण मनुष्य झाली असती, कारण चेतना मनुष्यालाच असते.

शैलीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आग्नेसच्या स्वगतांत उपमांची दाटी कधीकधी जाचते. मोलकरणीच्या तोंडी इतके नक्षीकाम शोभत नाही, अशी तक्रार कोणी केली तर आम्ही तिचा प्रतिवाद करणार नाही. मात्र घराचे, गवत कापणीचे, शरदातल्या कत्तलीचे वर्णन मनात ठसते.

त्याच विनीतवत्थूत आणखी एक प्रकरण आहे, आणि ते आम्ही अनेक वर्षे शिकवत असूनही त्याचा अर्थ या कादंबरीने आम्हांस दाखवला. एक भिक्खू वधस्थानी जातो आणि चोरघातकाला म्हणतो की, याला यातना देऊ नकोस, एकाच घावात संपव. चोरघातक त्याचे ऐकून तसे करतो, आणि भिक्खू पाराजिक होतो. विद्यार्थी या ठिकाणी हमखास थबकतात. भिक्खूने वाईट काय केले, असे विचारतात, आणि आम्ही नियमाचे शब्द पुन्हा वाचून दाखवतो. कादंबरीच्या अखेरीस तोती आजारातून उठून आग्नेसच्या सोबत वधस्थानापर्यंत जातो. फ्रिद्रिक आधी गेलेला आहे. बर्फ, शेतकऱ्यांची मूक गर्दी, तिच्या हातात तोतीचा हात. ती पाने वाचताना घाव एकच पडावा, लवकर पडावा, अशी इच्छा आमच्या मनात उमटली, आणि ती इच्छा उमटली आहे हे पान उलटल्यावर ध्यानात आले. त्यापुढे फक्त जिल्ह्याच्या दप्तरातली नोंद आहे.